वर्गात मागे उभ्या राहणाऱ्या बाई

नांदुऱ्याहून सकाळच्या एसटीने मी कामाला जायचो, तेव्हा एक शिक्षिका रोज पुढच्या सीटवर असायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. बस सुटली की त्यांचे ओठ हलू लागत. मधूनच त्या डोळे मोठे करत, मांडीवर बोटांची चोच करत. वर्गात सांगायची गोष्ट त्या आधी अशी स्वतःशी सांगून बघत.

दिवाळीनंतर ते थांबलं. एकदा त्यांच्या शेजारी जागा मिळाली, तेव्हा मी विचारलंच.

“आता वर्गात मोठा स्क्रीन आला न, भाऊ,” त्या म्हणाल्या. “गोष्ट तोच सांगते. चिमणी खरीच उडते त्याच्यात. पोरं लवकर शिकतात, खोटं काऊन बोलू? पण पह्यले ते माह्या तोंडाकडे पाहत. आता मी मांगं उभी राह्यते. मले त्यायच्या पाठी दिसतात.”

आवाजात तक्रार नव्हती. दूर सासरी गेलेल्या मुलीबद्दल आई बोलते, तसं त्या बोलत होत्या.

“काल गोष्टीच्या मधातच लाइट गेली,” त्या पुढे म्हणाल्या. “मंग गोष्ट म्याच सांगतली. पोरं सरकत सरकत माह्या पायापाशी आले. एक पोरगी म्हणे, मॅडम, पुन्हा पयल्यापासून लावा न.”

“मग सांगितली?”

“हाव. अर्धी झाली अन् लाइट आली. पोरं वळले तिकडं.”

“उरलेली मला सांगा,” मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. माझा थांबा आला, तरी मी उतरलो नाही.