तिसऱ्यांच्या लोणच्याची दुपार

देवळात डोळे मिटले की मला हमखास भाजीला काय करायचं तेच आठवतं. चमत्कारांच्या गोष्टी ऐकायला मी कधी फारशी बसले नाही. तरी हे लिहिते आहे, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि त्यात माझा नवरा जाता जाता राहिला.

नवं राज्य झालं, नागपूरची कचेरी भोपाळला हलली आणि तिच्या मागोमाग आम्हीही टी. टी. नगरच्या नव्या क्वार्टरात आलो. माझं माहेर रत्नागिरीकडचं. लेकीच्या गावाला समुद्र नाही याचं आईला भारी दुःख. म्हणून तिने येणाऱ्याबरोबर तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, लोणच्याची बरणी धाडली. बरणी उघडली त्या दिवशी सोमवार होता आणि कचेरीला सुट्टी. सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही. पण बरणीतलं काही आज शिजवलेलं नाही, तेव्हा ते चालतं, असा आमच्या ह्यांचा कायदा. मला उपास होता. शेजारचे मिश्राजी कांदासुद्धा न खाणारे, म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या आणि ह्यांना ताट वाढलं.

जेवून पान खाताना हे म्हणाले, "ओठांना मुंग्या येताहेत गं. चुना जास्त झाला वाटतं." मग बोटं बधिर झाली. काही बाधलं की आमच्याकडे आमसुलाचं सार देतात, ते मी करायला घेतलं. सार उकळेपर्यंत ह्यांची जीभ जड झाली, मान कलंडली, छाती जेमतेम हलत होती. वासाची लाज गेली चुलीत. मी दार उघडून ओरडले.

मिश्राजी पूजेवरून तसेच उठून आले. ताटाकडे पाहिलं, ते हाताने बाजूला सारलं. ह्यांना पालथं झोपवलं, पाठीवर दोन्ही हात टेकून दाबलं, मग कोपरं धरून वर उचलली. पुन्हा दाबलं. बुडालेल्या माणसाला असा श्वास देतात, ते मिश्राजी स्काउटच्या शिबिरात शिकले होते. "बहनजी, रोना बाद में। मैं थक जाऊँ तो आप कीजिए।"

त्यांची बायको धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. समुद्रातलं विष कधीकधी शिंपल्यांत साठतं, ते उकळून जात नाही, त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. विष ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवला तर माणूस आपला. म्हणजे हात थांबले की संपलं. आम्ही आळीपाळीने दाबत राहिलो. माझी पाळी आली की मी देवाला शिव्या घालत होते. सोमवार पाळले ते याचसाठी का रे? हात भरून आले तशा शिव्याही संपल्या. "आता तुझं तू बघ," म्हटलं, "मी दाबते."

दिवेलागणीला मिश्राजींनी दाब सोडला आणि ह्यांची पाठ आपली आपण वर आली. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

जीभ सुटल्यावर हे म्हणाले, "मला सगळं ऐकू येत होतं. नुसतं बोट हलत नव्हतं."

"शिव्यासुद्धा?"

"त्याही. फार भीती वाटत होती. पण तू 'तुझं तू बघ' म्हणालीस ना, तेव्हा मीही आतून सोडून दिलं."

मिश्राजींना कुणी पाठवलं, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत एवढं खरं. देवाकडे मात्र तेव्हापासून काही मागत नाही. पहाटे जाग येते, शेजारी हे घोरत असतात. मी पडल्या पडल्या हात जोडते.