दारूबंदीतलं फ्रूट पंच

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला तुमचे ग्लास दाखवले. कडेला मीठ, वर लिंबाची चकती. आत काय आहे ते मी विचारलं नाही. उलट तुम्हीच विचारलंत, "आजी, तुमच्याकडे सणासमारंभाला काय पितात?" आपला गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे याचं अधिकृत उत्तर लिंबू सरबत. पण आरमोरीच्या या घरात एकदा मी कॉकटेल केलं होतं, तेही तुमच्या आत्याच्या सोयरिकीच्या बैठकीला.

आत्याने आणि मुलाने एकमेकांना कॉलेजातच पसंत केलं होतं. प्रश्न होता मुलाच्या वडिलांच्या पसंतीचा. ते गोंडपिपरीकडचे, व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. पंचशीलातलं नशा न करण्याचं शील आपल्याही घरात पाळतात. अध्यक्ष मात्र ते दुसऱ्यांकडूनही पाळून घेत. थोरल्या मुलासाठी पाहिलेल्या एका मुलीला त्यांनी नकार दिला होता, कारण बैठकीत तिच्या मामाने जरा जास्तच बडीशेप खाल्ली होती; तोंडाचा वास लपवायलाच, असा त्यांचा निष्कर्ष.

मी माझ्या इंग्रजी पाककृतीच्या पुस्तकातलं फ्रूट पंच निवडलं. फळं, साखर, दालचिनी, बेदाणे. 'थंड कोपऱ्यात रात्रभर झाकून ठेवा'. बेदाणे संपले होते, वाळलेली मोहफुलं होती. तीही गोड, तीही सुरकुतलेली. थंड कोपरा मे महिन्यात फक्त फ्रिजमध्ये सापडतो, आणि फ्रिज आमरसाने भरलेला. म्हणून बरणी रांजणामागे ठेवली. पाहुण्यांनी येणं एक दिवस पुढे ढकललं, तेव्हा ती तिथेच राहिली. उघडली तर वर फेस. पुस्तकातल्या चित्रातही बुडबुडे होते, त्यामुळे मला समाधान वाटलं.

अध्यक्षांनी पहिला ग्लास शिष्टाचार म्हणून घेतला, दुसरा उन्हामुळे. तिसरा मागून घेतला.

"बाई, यात काय टाकलं जी? मोठं हलकं वाटून राह्यलं."

"फळं," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारचे भाऊ आले. कुरखेड्याजवळच्या जंगलातल्या गावचे, वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, बोट बुडवलं, दोन थेंब फरशीवर सोडले आणि मग घोट घेतला.

"काऊन जी भाऊ, माशी पडली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाई जी. मोहाची घेताना आमच्याकडे पहिले पुरखायले, वाडवडलायले देतात. मंग आपण."

तुमचे आजोबा पंख्याकडे बघू लागले. आत्या पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थांबली. तिच्या चेहऱ्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. अध्यक्ष स्वतःच्या ग्लासाकडे बघत होते. ही दारू ठरली तर तिचे तीन ग्लास कोण प्यायलं, हेही ठरणार होतं.

"शरबत होय हे," ते सावकाश म्हणाले. "मोहाचं. तब्येतीले चांगलं असते. पुरखायले शरबत चालत असन ना, भाऊ?"

"चालते की जी," भाऊ म्हणाले. "थे कुठी तक्रार करतात?" आणि त्यांनी ग्लास पुढे केला.

लग्नाची तारीख त्याच बैठकीत ठरली. एरवी पत्रिकेच्या रंगापासून पंगतीच्या वांग्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत असणारे अध्यक्ष त्या दिवशी सगळ्याला हो म्हणत गेले. निघताना मी बडीशेपेची वाटी पुढे केली. त्यांनी मूठभर घेतली, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि परत येऊन आणखी एक मूठ घेतली.