सोमवारची प्रत

हॉस्पिटलच्या तळघरात बसणाऱ्या बाईंना सगळे 'बॅकअपबाई' म्हणत. रोज संध्याकाळी सगळ्या फायलींची प्रत काढायची आणि डिस्कवर तारीख टाकून ती कपाटात ठेवायची, हे त्यांचं अठरा वर्षांचं काम. कुणाच्या हातून काही पुसलं गेलं की "बाई, वाचवा हो!" करत धावत येणार, आणि फाईल मिळाली की पाठ फिरवून चालते होणार. गरज सरो, वैद्य मरो! बाईंना या माणसांचा अगदी वीट आला होता.

त्यांचा हट्ट एकच. जुनी प्रत हवी असेल तर कोणत्या दिवसाची ते वहीत लिहा आणि सही करा. शेजारी देणारी म्हणून बाईंची सही. भलेभले कुरकुरले, पण सूट कुणालाच नाही.

त्या सकाळी मोठे डॉक्टर स्वतः खाली उतरले. त्यांच्या वॉर्डातला एक पेशंट बुधवारी त्यांनीच दिलेलं इंजेक्शन बाधून दगावला होता. ते औषध त्याला चालत नाही, ही नोंद केली नाही म्हणून ठपका आला होता धाकट्या सिस्टरवर. दुपारी चौकशी होती. पोरीची नोकरी गेल्यातच जमा होती.

"त्या पेशंटची फाईल उघडत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "चौकशीत दाखवायला गुरुवारची प्रत काढा. गुरुवारचीच हं."

वहीत त्यांनी झोकात सही ठोकली. पण पेशंट बुधवारी गेला, मग गुरुवारचीच कशाला? बाईंनी मुकाट्याने आधी सोमवारची प्रत उघडली. पहिल्याच ओळीत सिस्टरने लिहिलं होतं, हे औषध चालत नाही, डॉक्टरांना सांगितलं आहे. मंगळवारी ओळ होती. गुरुवारी गायब. बदल कुणी केला तेही कॉम्प्युटरने नोंदवलं होतं. समोरच उभे होते की ते, चकचकीत बूट घालून!

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

"शी! अहो, माणूस मेला तुमच्या हातून, आणि पोटावर पाय कुणाच्या देता? त्या पोरीच्या?"

डॉक्टर दचकलेसुद्धा नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हसले. "थोरल्या सिस्टरवर ठपका आला तेव्हाही अशीच प्रत दिली होतीत. सहा वर्षं झाली. तेव्हा नाही शी म्हणालात?"

खरं होतं. तेव्हा बाईंचा नवरा याच डॉक्टरांच्या वॉर्डात पडून होता. बाईंनी ओळ गायब झालेली पाहिली होती आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. थोरली सिस्टर जी घरी बसली, ती पुन्हा कुठल्या हॉस्पिटलची पायरी चढली नाही. नवरा वाचला. पण त्याच्या ताटात वाढताना बाईंना कितीदा तरी स्वतःचीच किळस आली होती.

"आपण एकाच नावेत आहोत बाई," डॉक्टर उठत म्हणाले. "गुरुवारची घेऊन या."

दुपारी बाई चौकशीच्या खोलीत गेल्या. भिंतीला टेकून धाकटी सिस्टर उभी होती, डोळे सुजलेले; डॉक्टर ऐटीत खुर्चीत बसले होते. बाईंनी टेबलावर सोमवारची आणि गुरुवारची डिस्क ठेवली. मग पिशवीतून आणखी दोन जुन्या डिस्क काढल्या आणि वही उघडली.

"या कुणाच्या?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"थोरल्या सिस्टरच्या वेळच्या. तिनेही नोंद केली होती," बाई म्हणाल्या. "वहीत बघा. मागणारे हेच डॉक्टर, आणि सगळं बघून गप्प बसणारी मी. आधी माझं नाव लिहा."