घोंगडीत गुंडाळलेलं चित्र

जालना जिल्ह्यात माझ्या धाकट्या मामाइतका रंगवेडा माणूस दुसरा नाही. मी अजून सगळा जिल्हा पाहिलेला नाही, तेव्हा असं ठामपणे म्हणावं की नाही कळत नाही. पण मामाबद्दल जपून लिहायला गेलं की लिहिणंच होत नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजारातल्या पाट्या त्याने रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर काढले, आणि अ‍ॅक्रिलिकची पेटी हाती लागल्यावर तर तो हाताबाहेरच गेला. "हा रंग लई इमानदार हाय," तो म्हणतो. "लावला की वाळला. माणसाला पस्तावायला येळच देत न्हाई!" रंग कालवायला त्याला आजीचीच परात लागते. आजी चुलीपासून ओरडते, "मुडद्या, परवा भाकरीला निळं बूड होतं!" आणि मामा अगदी मनापासून विचारतो, "निळं कोणतं गं, मोरपंखी का आस्मानी?"

चित्र पूर्ण झालं की तो ते दारातल्या निंबाला बांधतो आणि चालू लागतो. विहीर ओलांडतो, बांध ओलांडतो, ठिपक्याएवढा होतो आणि तिथून वळून बघतो. त्यालाही कारण आहे. आमचं आजोळ मेंढरांचं. आजोबा प्रत्येक मेंढीच्या पाठीवर लाल रंगाने घरची खूण ओढायचे, दोन आडव्या रेघा आणि मधे ठिपका. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी लांबून ओळखू यायची. आजोबा गेले, कळप विकला, पण लांबून दिसत नाही तो रंगच नव्हे, ही मामाची समजूत कायम राहिली. बांधावरून तो हात हलवत ओरडतो, "दिसून राह्यलं का?" मी निंबाखालून ओरडते, "मला काहून इचारतो? मी तर इथंच उभी हाय!"

पाट्या फ्लेक्सच्या झाल्या तसं मामाचं काम आटलं. पुण्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी ठरली. गणवेश राखाडी आहे हे कळल्यावर तो दिवसभर जेवला नव्हता. त्याच सुमारास आमच्या कॉलेजच्या मॅडमनी नवीन जालन्यात फ्लॅट घेतला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली; मॅडमशी कसं बोलायचं हे विचारायला घरी कुणी नव्हतं. तरी एकदा वर्गाबाहेर थांबवून मी त्यांना मोबाईलवर मामाची चित्रं दाखवली. मॅडम म्हणाल्या, "हॉलची मोठी भिंत रिकामीच आहे. सोफ्याला शोभेल असं काढतील का तुझे मामा?"

मामा जमिनीवर राहिलाच नाही. "हे भिंतीला लागलं तर मी हितंच. न्हाई लागलं, तर पुण्याची गाडी!" त्याने पेटीतला एकही रंग नाराज केला नाही. बांधावरून पाहून आला तो नाचतच. "बराबर! पार मंठा गावाहूनबी दिसंल!" मग आजोबांच्या घोंगडीत चित्र गुंडाळून आम्ही निघालो.

मॅडमचा हॉल पांढरा, सोफा सायीच्या रंगाचा. घोंगडी सोडली आणि हॉलमध्ये जत्राच भरली. मामा सवयीने मागे सरकू लागला. हॉल संपला, दार संपलं, शेवटी जिन्यातून त्याचा आवाज आला, "ताई, हितून लई भारी दिसून राह्यलं!"

मॅडमना हसू आवरेना. "मामा, सुंदर आहे हो. पण मला सोफ्यावर बसायचंय, जिन्यात नाही. हे रंग अंगावर येतात." मग त्यांनी खाली पडलेली घोंगडी उचलून सोफ्यावर टाकली. "अरे वा, हे कसं मॅच होतंय! काय आहे हे?"

"घोंगडं हाय, ताई," मामा दारातून म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

परतताना ऑटोत तो मांडीवर घोंगडी घेऊन बसला. "दाखवाया गेल्तो चित्र, अन् बाईला आवडलं घोंगडं." मला पुण्याची गाडी दिसू लागली होती. तो मात्र घोंगडीवर बोट फिरवत होता, करडा धागा, पांढरा, काळा. एकदम ताडकन सरळ झाला.

"ऑटो थांबव!"

"मामा, स्टँड लांब हाय अजून," ऑटोवाला म्हणाला.

"रंग घ्यायचेत! पांढरा अन् काळा. जल्दी!" मग माझा खांदा गदागदा हलवत म्हणाला, "पोरी, मी येड्यावानी नुसत्या खुणाच काढून राह्यलो. मेंढरू काढायचं ऱ्हाऊनच गेल्तं!"

नवं चित्र म्हणजे लोकरच होती. सायीसारखी, राखेसारखी, मधूनच काळी. आणि एका कोपऱ्यात दोन लाल रेघा आणि ठिपका. बाकी सगळं शांत होतं, म्हणून तो लाल कसा पेटून उठला होता! या वेळी मामा बांधावर गेला नाही. निंबासमोर बाज टाकली आणि आजीला ओढून आणलं. "बस हितं, मॅडमवानी."

"मी काय मॅडम हाय का? भाकर करपून राह्यली तिकडं!" आजी बसली, वर पाहिलं आणि भाकर विसरली. मग म्हणाली, "ही तर आपली खूण."

चित्र नेलं त्याच दिवशी मॅडमनी ते भिंतीला लावलं. शेजारणीने पाहिलं, मग तिच्या बहिणीने. पुण्याची गाडी मामाशिवाय गेली. आता तो गिऱ्हाइकाच्या घरी आधी घोंगडी घेऊन जातो, सोफ्यावर पसरतो आणि चहा गार होईपर्यंत नुसता बघत बसतो. लोकांना हसू येतं. मग चित्र येतं, कोपऱ्यात तीच लाल खूण, आणि हसू थांबतं.

परवा कॉलेजातून निघायला संध्याकाळ झाली. नवीन जालन्यात दिवे लागले होते. मी रस्त्यावरूनच वर पाहिलं. मॅडमच्या बाल्कनीच्या काचेतून ती खूण दिसली. पुढच्या इमारतीत आणखी एक. कळप विकला तेव्हा मेंढरं कुणाकुणाच्या कळपात गेली, आम्हाला कधी कळलं नाही. मी मामाला फोन लावला.

"मामा, रस्त्यावरून दिसून राह्यलं."

तो हळूच म्हणाला, "दिसंलच की. आपलंच हाय ते."