डाव्या कोपऱ्यातली पुट्टी

"दाजी, त्या टपालबाईंच्या बंपरात पुट्टी किती भरली?"

"लागली तेवढी."

"बोटभर?"

"अर्धं बोट धर. कोपरा पार आत गेला होता. का, तुला चाटायला ठेवायची होती?"

मेव्हणा हसला नाही. एरवी दाजीच्या अर्ध्यामुर्ध्या विनोदालाही पोट धरून हसणारा हा गडी. ते बघून रंगमिस्त्री दाजीने हातातला पॉलिश पेपर बादलीच्या काठावर ठेवला.

मिस्त्रीला सगळे चाचपू म्हणायचे. तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढून, पुट्टी भरून, घासून, रंग मारून त्याच्या बोटांना अशी जाण आली होती, की डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवला तरी केसाएवढा उंचवटा त्याला टोचायचा. बायको म्हणायची, हा माणूस उशीसुद्धा चाचपून मगच डोकं टेकतो. शेडच्या अर्ध्या भागात तो रंग करायचा, उरलेल्या अर्ध्यात त्याचा मेव्हणा गाड्यांच्या वायरिंगचं काम बघायचा. दोघांत एकच भिंत होती, ती पण पत्र्याची, त्यामुळे एकाची शिंक दुसऱ्याला चुकत नसे.

चाचपूचा एक हट्ट होता. फुटका बंपर बदलायचा नाही. गरम करून बाहेर ढकलायचा, चीर सांधायची, पुट्टी भरायची आणि असा घासायचा की कंपनीवाल्यालाही ओळखू येऊ नये. बंपर बदलतो तो मिस्त्री नव्हे, दुकानदार, असं तो छाती पुढे काढून सांगायचा. गिऱ्हाइकं खूश असायची. टपालबाईही होत्या.

टपालबाई म्हणजे टपाल कचेरीच्या खिडकीतून निवृत्त झालेल्या बाई. जिन्यावरून पडल्या तेव्हा डॉक्टरांनी मानेचे मणके पट्टी आणि स्क्रू लावून जखडून टाकले होते. मान ना डावीकडे वळे ना उजवीकडे. कुणी हाक मारली तर बाई कमरेपासून आख्ख्या फिरायच्या, देवळातल्या मूर्तीला कुणी पाटासकट उचलून फिरवावं तशा. गाडी चालवणं सुटलंच होतं. मग पोरीने ही नवी गाडी घेऊन दिली. बाजूने, जरा मागून कुणी येत असलं, आरशात दिसणार नाही अशा जागी असलं, की आरशाच्या कडेला पिवळा दिवा लागायचा. त्या दिव्यावर बाई आठवड्यातून दोनदा मोठ्या रस्त्याने चाळीस किलोमीटर जाऊन म्हाताऱ्या आईला रक्त शुद्ध करायच्या मशीनवर नेऊन बसवायच्या. नवऱ्याला गाडी येत नव्हती, आईला न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मागे घेताना खांबाला कोपरा लागला म्हणून गाडी चाचपूकडे आली. सोडताना बाई म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, जपून हां. हा आरशातला दिवा म्हणजे माझी मान आहे." चाचपूने मान डोलावली होती. मनात म्हणाला होता, दिवा पुढं आरशात, काम मागं ढुंगणाला, ह्याचा त्याचा काय संबंध.

तो संबंध मेव्हण्याला आज सकाळी कळला होता. तसलीच एक गाडी त्याच्याकडे आली, दिवा लागत नाही म्हणून. त्याने मागचा बंपर उतरवला तर दोन्ही कोपऱ्यांत आतून एकेक डबी बसवलेली. डबी प्लास्टिकच्या आरपार लहरी फेकते, त्या कशाला तरी आपटून परत आल्या की दिवा लागतो. आणि बंपरच्या आतल्या अंगाला कंपनीने चिठ्ठी चिकटवलेली, ह्या भागावर पुट्टी भरू नये, जाड रंग देऊ नये. चाचपूने बंपर कधी आतून बघितलाच नव्हता. त्याचं सगळं राज्य बाहेरच्या अंगाला.

"मग गाडी बोंबलली का नाही?" तो म्हणाला. "मी देताना चालू करून बघितली. समोर एकही लाल दिवा नव्हता."

"डबी मेली तर गाडी सांगते, दाजी. डबीला अंधुक दिसायला लागलं तर ते तिला तरी कुठं कळतं?"

चाचपूने बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चालवताना बाई फोन पर्समध्ये टाकून पर्स मागच्या सीटवर ठेवतात, हे त्यांच्या नवऱ्याने घरच्या फोनवर सांगितलं आणि हेही सांगितलं, की आत्ताच निघाल्या, आधी पेट्रोल भरणार होत्या. काही विशेष काम होतं का, असं त्यांनी विचारलं.  काही नाही, सहज, चाचपू म्हणाला आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच शिवी हासडली. सहज.

स्कूटर काढताना त्याचे हात पुट्टीने पांढरे होते. हेल्मेटचा पट्टा दोनदा चुकला. मेव्हणा मागून सांगत होता, की एवढं घाबरू नका, सगळ्याच गाड्यांचं होतं असं नाही, पातळ असलं तर दिसतंही डबीला. पातळ. चाचपूला एकेक थर आठवत होता. पहिला भरला, वाळला, घासला. दुसरा. मग हात फिरवल्यावर जरा खळगा लागला म्हणून तिसरा. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता तो खळगा. वर चंदेरी रंग, तोही दोन हात जास्त.

पेट्रोल पंपावर गाडी नव्हती. मोठ्या रस्त्याला लागला तशी वाऱ्याने स्कूटर डगडगायला लागली. पुढे ट्रक, त्याच्या पुढे बस, मधून मोटारसायकली सुळसुळ निघून जात होत्या आणि त्यातली प्रत्येक त्याला टपालबाईंच्या डाव्या अंगाला घुसताना दिसत होती. वर बसलेल्याला काय माहीत. त्याला वाटणार, बाईंनी आपल्याला बघितलं.

तिसऱ्या पुलाच्या अलीकडे त्याला आपला रंग दिसला. तसल्या चंदेरी गाड्या रस्त्यावर पन्नास असतील, पण आईला आपलं पोर गर्दीत दिसतं तसा तो कोपरा त्याला लांबून ओळखू आला. बाई मधल्या पट्ट्यातून संथ चालल्या होत्या. चाचपू मूठ पिळून पिळून उजव्या बाजूने पोचला आणि आरशाकडे बघितलं. दिवा लागला. पिवळाधमक.

त्याच्या घशातून आपोआप हुश्श निघालं. उगाच धावलो, मेव्हण्याने फुकट भिववलं, आता परत जाऊन त्याची चामडी सोलतो, असं सगळं एका दमात मनात येऊन गेलं. आणि मग आठवलं. खांब लागला होता तो डाव्या कोपऱ्याला.

तो मागे पडला आणि गाडीच्या मागून डावीकडे सरकला. आता तो नेमका त्या जागी होता, आरशात न मावणाऱ्या. डाव्या आरशाची कड काळी होती. तो जरा पुढे झाला. काळी. जरा मागे. काळीच. आयुष्यात त्याने कुठल्या दिव्याची एवढी वाट बघितली नव्हती. हात दीड हातावर त्याचाच कोपरा होता, एकही लाट नसलेला, वरून ढग सरकताना दिसत होते त्यात. आपण असं काम परत करू की नाही, इतका सुरेख.

तेवढ्यात गाडीची डावी बत्ती टिकटिकायला लागली. बाईंना फाट्यावर उतरायचं होतं. बाईंनी आरसा बघितला असेल, आरसा रिकामा. कड बघितली असेल, कड काळी. आणि गाडी शांतपणे, सगळे नियम पाळून, त्याच्या अंगावर यायला लागली.

चाचपूने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. ब्रेक मारला, स्कूटर कडेच्या खडीत गेली, मागचं चाक फिरलं आणि तो गुडघ्यावर घसरत गेला. गाडी दचकून परत आपल्या पट्ट्यात गेली, मग पुढे कडेला जाऊन थांबली. मागची मोटारसायकल दोघांनाही शिव्या घालून निघून गेली.

बाई उतरल्या आणि आख्ख्या फिरून त्याच्याकडे बघायला लागल्या. ओळख पटायला वेळ लागला. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मिस्त्री? तुम्ही कुठून आलात? दिवा लागला नव्हता हो. मी बघितलं होतं."

"लागणारच नाही," चाचपू म्हणाला. "मीच बुजवलाय तो."

त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, डबी, चिठ्ठी, तीन थर. बाई ऐकत होत्या. चिडतील, ओरडतील, म्हणून तो वाट बघत होता, पण बाईंनी एकच विचारलं, उजवीकडचा चालतो ना. मग जाते हळूहळू, फक्त डावीकडे वळायचं नाही. चाचपू म्हणाला, तुम्हाला आत्ता डावीकडेच उतरायचं होतं की. आईचं घर त्याच फाट्यावर होतं. साडेदहाला मशीन होतं, चुकलं तर पुढचा नंबर दोन दिवसांनी, आणि म्हातारीच्या पायांना आधीच सूज होती.

शेवटी स्कूटर रस्त्याकडेच्या एका टायरवाल्याकडे लावून चाचपूच चालवायला बसला, गुडघ्याला बाईंचा रुमाल बांधून. प्रत्येक पट्टा बदलताना तो वळून मागे बघायचा. बाजूला बसलेल्या बाई ते टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, की गाडी घेतली तेव्हा दुकानातल्या पोराने बजावलं होतं, ताई, हा दिवा नुसता सांगतो, जोरात येणारा उशिरा दिसतो, चिखल बसला तर दिसतही नाही, ह्याच्या भरवशावर मान वळवायची सोडू नका.

"मी त्याला काय सांगणार होते," बाई म्हणाल्या. "बरं म्हटलं."

 चाचपूने आरसा बघितला, मग मान वळवून कोपरा बघितला, आणि तरीही वळायला जरा वेळच लावला.

दुपारी मशीन उरकून बाई आणि त्यांची आई टॅक्सीने परतल्या आणि चाचपूने गाडी शेडमध्ये आणली. मेव्हण्याने बंपर उतरवला. चाचपूने तो उलटा करून चिठ्ठी वाचली, दोनदा, मग नवा बंपर मागवायला स्वतः फोन केला. दुकानदार झाला म्हणून मेव्हणा त्याला चिडवणार होता, पण दाजीचं तोंड बघून डबीवरची धूळ पुसायला लागला. नवा बंपर आला, की गाडी चालू ठेवून मेव्हणा दोन्ही अंगांनी मोटारसायकलवर जाणार, दिवा लागतो का ते बघणार आणि मगच गाडी बाईंच्या हातात, असं ठरलं.

मग चाचपू बादलीपाशी बसला. सकाळी घासायला घेतलेलं एका गाडीचं दार तसंच पडलं होतं, कडेला पुट्टी वाळून दगड झालेली. त्याने पेपर ओला केला आणि घासायला लागला. गिऱ्हाइकांची नावं त्याला कधी लक्षात राहत नसत, गाड्या मात्र राहायच्या.

"लाल," तो भिंतीपलीकडे म्हणाला. "उजवा कोपरा. मागच्या वर्षी. त्या माणसाला मिशा होत्या. तिला दिवा होता का रे आरशात?"

"आठवत नाही, दाजी."

"आठव," चाचपू म्हणाला. "आणि ती निळी." हात घासतच होता.