चहा संपायच्या आत पत्रिका

ताईचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "चंदे, तुझे दाजी गेले गं..." एवढंच बोलली आणि शेजारणीनं फोन घेतला. छातीत दुखतंय म्हणून दुकानातच जरा टेकले होते, ते उठलेच नाहीत. त्याला आता दीड महिना होत आला. दाजींबद्दल चार चांगले शब्द लिही, असं जो तो सांगतो. चांगले शब्द पुष्कळ आहेत हो, पण लिहायला बसलं की आधी लाजच वाटते. त्यांना वाटायची ती, आणि आता मला वाटते ती.

दाजींचं घोटावडे फाट्यावर लग्नपत्रिकांचं दुकान. नोकरीला होते ती कंपनी बंद पडल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि चाळिशीला आलेला हा माणूस मराठी टायपिंग शिकला. आमच्या मुळशीत पत्रिका म्हणजे साधं काम नव्हे. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक अशी अख्खी भावकी तिच्यात बसवायची, आणि कोण कुणाच्या वर यावरून रुसवेफुगवे वेगळेच. तो कॉम्प्युटर तर असला मंद, की गणपतीचं चित्र उमटेपर्यंत गिऱ्हाईक बाहेर जाऊन तंबाखू मळून यायचं. नावांची एकेक ओळ रांगत यायची, आणि दाजी ती मोठ्यानं वाचत बसायचे. दुसरं करणार काय!

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. लग्नसराईच्या तोंडावर दाजींनी नवा प्रोसेसर आणला. जुन्या मदरबोर्डात तो बसेना, म्हणून मदरबोर्डही बदलला. डबा जुनाच, आतलं सगळं नवं. जीभ दातात धरून त्यांनी तो स्वतः बसवला, वर पंखा आवळला, ताईनं हळदकुंकू वाहिलं. मशीन झटक्यात चालू झालं आणि दाजींची स्वारी अशी खूश, की विचारू नका. "चंदाबाई, आता चहा संपायच्या आत पत्रिका!" येईल त्याला हेच ऐकवायचे.

त्यातच सोपानराव आले, मुलीचं लग्न काढून. त्यांचं आणि थोरल्या भावाचं, बबनआप्पांचं, शेताच्या बांधावरून कैक वर्षं बोलणं नव्हतं. ते भांडण नुकतंच मिटलं होतं. "आप्पाचं नाव समद्यांच्या वर घाला. लई दिसांनी घर येक झालंया," सोपानराव म्हणाले. दाजींनी मान डोलावली, चहा मागवला. मग सोपानरावांच्या मुलाच्या लग्नाची आधीची पत्रिका उघडली आणि तिच्यात नवरा-नवरी, तारीख, ठिकाण तेवढं बदललं. कप अर्धा व्हायच्या आत काम फत्ते! पण ती आधीची पत्रिका भांडणाच्या काळातली. तिच्यात आप्पांचं नाव मुद्दाम गाळलेलं होतं. बोलण्याच्या आणि नव्या मशीनच्या नादात वर नाव घालायचं राहून गेलं, आणि एरवी ओळ न् ओळ वाचणाऱ्या माणसानं त्या दिवशी वाचलंच नाही.

पुण्याच्या प्रेसमधून छापून आलेला गठ्ठा सोपानरावांनी देवापुढं ठेवला आणि तसाच वाटायला घेतला. आप्पांच्या हातात पत्रिका पडली. भावानं जवळ बोलावून थोबाडीत मारली, असंच वाटलं त्यांना. ते लग्नाला आले नाहीत. चुलता आल्याशिवाय हार घालणार नाही म्हणून नवरी मांडवात रडत बसली, मुहूर्त टळायला लागला तेव्हा कुठं उठली. दुसऱ्या दिवशी सोपानराव दुकानात येऊन कडाडले, आणि दाजींच्या तोंडून निघून गेलं, "पुण्याच्या प्रेसवाल्यानं ओळ खाल्ली." सोपानरावांना ते पटलं. आप्पांना नाही पटलं.

त्यानंतर दाजी पार बदलले. मशीन पळायचं, पण हे स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव पुन्हा पुन्हा वाचायचे, गिऱ्हाईक वैतागायचं. मी तर मेहुणी, मला कोण अडवणार! "दाजी, आता एक प्रोसेसर तुमच्या डोक्यात बसवा," म्हणायचे. सगळे हसायचे, तेही हसायचे. कुणाच्या लग्नाला गेले की दारातूनच अक्षता टाकून परत फिरायचे, पंगतीला बसायचे नाहीत. आम्ही त्याला मिजास म्हणायचो... मिजास!

गेल्या दिवाळीत मी पुन्हा तोच विनोद केला आणि या वेळी ते हसले नाहीत. दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी सगळं सांगितलं. "प्रेसवाल्याचं काही नव्हतं, चंदा. खोटं बोललो मी. दोन भाऊ माझ्यामुळं तुटले."

"मग जाऊन सांगा की आप्पांना."

"एकट्यानं पाय उचलत नाही गं. तू येतीस बरोबर?"

मला भुकूमला घरी पोचायची घाई होती. पुढच्या वेळी नक्की, म्हटलं आणि स्कूटर काढली.

दहाव्याला आप्पा नदीवर आले, सोपानरावांचा हात धरून. दोघा भावांचं मागेच जुळलं होतं, हे मला तिथं कळलं. आप्पा काठी टेकत माझ्यापाशी आले. "पोरी, येक इचारू? तुजं दाजी माज्यावं कशापायी रागावलं व्हतं?"

"रागावले? तुमच्यावर?" मी म्हटलं.

"मी दिसलो की मान खाली घालून गाडी पळवायचं. दुकानात गेलो, तर मागच्या दारानं गेलं. माजं काय चुकलं व्हतं, त्ये तरी सांगायचं... लई इचार केला मी, कायबी आठवंना."

मी सांगितलं. पत्रिका, प्रेसवाला, दिवाळीतलं बोलणं, सगळं एका दमात, सोपानरावांच्या देखत. आप्पा डोळे पुसत म्हणाले, "आरं द्येवा. मग यायचं की न्हाई! मी काय खाल्लं असतं व्हय त्यास्नी?"

ताई मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवरा पंगतीत का बसत नाही, झोपेतून दचकून का उठतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं. ती माझ्याकडं बघत हळूच म्हणाली, "चंदे, तुला बरोबर ये म्हणाले होते ते?"

मी हो म्हटलं.