लाटसाहेबाकडे अडकलेलं भांडण

इंग्रजी अमलात जळगावच्या कोर्टासमोर माझी खाणावळ होती. तिथे दर बाजाराच्या दिवशी भडगावकडचा एक म्हातारा जेवायला यायचा. पागोटं मांडीवर ठेवायचा, वैऱ्याची मान मोडावी तशी भाकरी मोडायचा आणि गावाकडच्या बांधाशेजारच्या शेतकऱ्याला शिव्या घालायचा. त्या शेजाऱ्याला चुलतभावाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. दयेचा अर्ज मुंबईच्या लाटसाहेबाकडे गेला होता आणि त्यावर पहिला अंगठा याच म्हाताऱ्याचा होता.

"बांधचोर शे तो, अक्का! दर पेरणीले मना बांध कोरस."

"मग आबा, त्याच्यासाठी अंगठा कशाला दिलात?" मी वाढता वाढता विचारलं.

जणू मीच बांध कोरला होता, असं त्याने माझ्याकडे पाहिलं. "बांधनं भांडन मनं अन् त्यानं. ते मिटाडाना हक लाटसाहेबले कोनी दिधा?"

पंगतीतले कोर्टाचे कारकून हसले, मीही हसले. निकाल आला का, हे मात्र तो त्या कारकुनांना जेवण निवेपर्यंत विचारत राही.

अखेर एका कारकुनाने पंगतीतच सांगितलं, की फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने पागोटं डोक्यावर घातलं, लगेच काढलं.

"हरामखोर वाचना!" तो खेकसला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "आखो एक भाकर दे, अक्का. तो जेलमाईन सुटी येवापावत माले जगनं पडी."